मावशीचे बोळे

आमच्या प्रसूती विभागात एकाच दुखण्याला दोन शब्द होते. टेकडीवरच्या बंगल्यांतली बाई आली की ती कळा सोसायची. रुळांपलीकडच्या वस्तीतली आली की ती बोंबलायची. हे कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. मी नर्स म्हणून रुजू झाले त्याच आठवड्यात हे दोन शब्द माझ्या तोंडात बसले आणि पुढे चौतीस वर्षं तिथेच राहिले. रजिस्टरमध्येही तेच. एकीच्या नावापुढे मी लिहायचे, ‘पेशंटला तीव्र वेदना’, आणि दुसरीच्या नावापुढे, ‘पेशंट सहकार्य करत नाही’. आवाज दोघींचा सारखाच असायचा. आता सांगायला लाज वाटते, पण सांगायला बसलेच आहे तर धड सांगते.

सांगायचंय ते आमच्या मावशीबद्दल. दवाखान्यात सगळ्याच आयांना मावशी म्हणतात, पण आमच्याकडे नुसतं ‘मावशींना हाक मारा’ म्हटलं की एकच बाई यायची. ठेंगणी, रुंद खांद्यांची, पायांचा आवाज न करता चालणारी. स्वतः रुळांपलीकडची. तिचा हात म्हणजे काय सांगू! बाईच्या पोटावर तळवा ठेवायची, डोळे मिटायची आणि सांगून मोकळी व्हायची. एकदा नव्याने आलेला तरुण डॉक्टर घाईघाईने हातमोजे चढवायला लागला, तर ही म्हणते, “साहेब, चहा पिऊन या निवांत. अजून दीड तास आहे.” तो असा काही बघायला लागला की विचारू नका. म्हणाला, “मावशी, कोणत्या कॉलेजात शिकलात?” दीड तासाने मूल झालं तेव्हा मावशीनेच त्याला हातमोजे आणून दिले आणि म्हणाली, “चहात साखर बरोबर होती ना?” आम्ही हसून हसून बेजार झालो.

तर ही मावशी आमच्याकडे कामाला लागली त्याच्या दोन वर्षं आधी पेशंट म्हणून आली होती. मी तेव्हा अगदी नवी, ट्रे धरून उभी राहणारी. मावशी चोवीस वर्षांची, पहिलं बाळंतपण. नवरा मालगाड्या भरायच्या कामावर. ती ओरडत होती, आणि शेजारच्या खाटेवर बंगल्यातली एक सून, तीही ओरडत होती. आमच्या तेव्हाच्या हेडसिस्टर त्या सुनेची पाठ चोळत होत्या. “सोस गं माझ्या बाई, थोडंच राहिलं,” असं लाडाने बोलत होत्या. मग त्या वळल्या आणि त्याच हाताने त्यांनी हिच्या मांडीवर एक सणसणीत ठेवून दिली. म्हणाल्या, “तेव्हा गोड वाटलं ना? मग आता कशाला बोंबलतेस?” सगळा वॉर्ड हसला. मीही हसले. ट्रे हलला म्हणून मला ओरडाही बसला.

ती गप्प झाली. नंतरचे तीन तास तिने तोंडातून अक्षर काढलं नाही. अंगावरच्या चादरीचं टोक दातांत धरलं आणि तशीच मोकळी झाली. मुलगी झाली.

पुढे नवरा गेला. फलाटावर पोत्यांची थप्पी अंगावर कोसळली. पोर दोन वर्षांची. मावशी दवाखान्यात झाडायच्या कामाला लागली आणि वर्षभरात हाताच्या गुणामुळे लेबर रूममध्ये आया झाली. आल्यावर तिने पहिलं काय केलं माहीत आहे? फाटक्या चादरींचे काठ मागून घेतले. ते कापून, घट्ट गुंडाळून, वरून जाड टाके घालून तिने बोटाएवढे लांब बोळे शिवले. उकळत्या पाण्यातून काढून, वाळवून, एका डब्यात भरून ठेवले. रुळांपलीकडची बाई कळा घेऊन आली की मावशी आधी तिच्या उशाशी जायची. तिच्या हातात बोळा द्यायची आणि हळू आवाजात सांगायची, “हा चाव. लागेल तेवढं चाव. रडायचं ते घरी जाऊन रड. इथे या लोकांना ऐकवायचं नाही.”

बायकांनी ऐकलं. तिची जरबच तशी होती, आणि मायाही. हळूहळू तिकडच्या बायका आपल्या घरूनच विचारत येऊ लागल्या, “मावशी आहेत ना ड्युटीवर?” पाचसहा वर्षांत आमच्या लेबर रूममध्ये ओरडण्याचे आवाज आले तर ते बंगल्यांचे. रुळांपलीकडच्या खाटा चिडीचूप. मावशीची मान ताठ. एकदा मीच तिला म्हटलं, “मावशी, तुमच्या बायका किती शहाण्या हो! हूं की चूं नाही.” तिचा चेहरा असा फुलला! म्हणाली, “मग? आम्हाला काय कळत नाही का, चार माणसांत कसं वागायचं ते?” मला वाटलं, मी केवढं कौतुक केलं.

आणि झालं काय? आधी आम्ही म्हणायचो, या बोंबलतात, नाटकं करतात. आता म्हणायला लागलो, या काटक असतात, यांना दुखतच नाही. म्हणजे त्यांनी ओरडून बघितलं, गप्प राहून बघितलं, आम्ही आमचं सोडलं नाही. वेदना कमी करायचं इंजेक्शन आमच्याकडे मोजकं यायचं. ते कुणाला द्यायचं हे ठरायचं आवाजावरून. डॉक्टर लांबूनच विचारायचे, “चार नंबर कशी आहे?” मी इथूनच म्हणायचे, “शांत आहे.” झालं, चार नंबर मागे. टाके घालतानाही तोच हिशोब. भूल न देता दोन टाके जास्त घातले तरी “तिला काही लागत नाही” असं म्हणत मी कात्री पुढे केली आहे. एकदा नाही. मोजलं नाही मी किती वेळा ते.

मावशीला हे दिसत नव्हतं का? मला अजून कळलेलं नाही. तिला एवढंच दिसत असावं, की तिच्या वस्तीवर आता कुणी हसत नाही. त्या एका थपडेचं उत्तर ती पंचवीस वर्षं देत होती.

लेक मोठी झाली. बालवाडीत शिक्षिका झाली. पोरगी बडबडी, हसरी, आईच्या अगदी उलट. लग्न झालं, दिवस राहिले, आणि तपासणीला यायची तेव्हा आमच्या चहाच्या कोपऱ्यात बसून सगळ्यांची करमणूक करायची. सातव्या महिन्यात एकदा म्हणाली, “सिस्टर, मी आत्ताच सांगून ठेवते. मी ओरडणार. छप्पर उडवणार तुमचं.”

मावशी कपबश्या विसळत होती. मागे न वळता म्हणाली, “माझ्या वॉर्डात नाही.”

“का? बंगलेवाल्या नाही ओरडत?”

“त्यांचं त्यांच्यापाशी.”

“आई, दुखलं की माणूस ओरडतं. माझ्या वर्गातली पोरं गुडघा खरचटला तरी शाळा डोक्यावर घेतात, आणि मी त्यांना जवळ घेते. गप्प बस म्हणत नाही.”

आता मावशी वळली. “त्या पोरांना कुणी हसत नाही. तुला हसतील. आणि मग म्हणतील, मावशीचीच पोर, शेवटी तिकडचीच. माझी पंचवीस वर्षं मातीत घालायचीत का तुला?”

पोरीने हसून हात पुढे केला. “बरं बाई. दे तुझा बोळा. आईसाहेबांची अब्रू दातांत धरते.” आम्ही हसलो. मावशी हसली नाही. तिने खरंच डब्यातून एक नवाकोरा बोळा काढला आणि लेकीच्या पिशवीत ठेवला.

ती आली तो दिवस. दुपारी दोनची वेळ, ड्युटी बदलायची गडबड. पाच खाटांवर पाच बायका, डॉक्टर एकच. मी विभागाची प्रमुख झालेली. एक नंबरवर टेकडीवरच्या वकिलांची सून, तिचा आवाज पार जिन्यापर्यंत जात होता. तिच्याभोवती डॉक्टर, दोन नर्सेस. मावशीलाही मीच तिथे पाठ चोळायला उभं केलं होतं. चार नंबरवर, पडद्यामागे, मावशीची लेक. तोंडात बोळा.

मावशी माझ्याजवळ आली. खालच्या आवाजात म्हणाली, “सिस्टर, पोरीला एकदा बघता का? तिचं पोट मला बरं वाटत नाही. कळ येते तेव्हा कडक, आणि कळ गेल्यावरही कडकच. सैल पडतच नाही.”

अशा पोटाचा अर्थ मला माहीत होता. शिकाऊ मुलींना मी स्वतः शिकवलेला आहे. पण मी एक नंबरची सलाईन बदलत होते, कान किटले होते, आणि पडद्यामागून काहीच आवाज येत नव्हता. मी म्हटलं, “अहो मावशी, तुमची लेक म्हणून जीव टांगणीला लागलाय तुमचा. शांत पडलीय ती. बघते पाच मिनिटांत.”

ती परत एक नंबरला जाऊन पाठ चोळायला लागली. थोड्या वेळाने पुन्हा आली. या वेळी नुसतं “सिस्टर” म्हणाली. मी हाताने थांबा अशी खूण केली. ती थांबली. दुसरी कुणी असती तर माझा हात धरून ओढत नेलं असतं. पण आपलीच लेक पुढे काढली असं कुणी म्हणायला नको, हेही त्या बाईच्या डोक्यात असणार. माझी पाच मिनिटं चाळीस झाली.

पडदा बाजूला केला तेव्हा पोरीचा चेहरा कागदासारखा पांढरा होता. घामाने उशी भिजली होती. बोळा दातांत तसाच. पोट लाकूड झालेलं. मी बाळाचे ठोके ऐकायला नळी लावली. लावून ठेवली, जागा बदलली, पुन्हा लावली. काही नाही. मूल व्हायच्या आधीच वार गर्भाशयापासून सुटली होती आणि रक्त आतल्या आत साठत होतं. मग सगळे धावले, डॉक्टर, गाडी, रक्ताच्या पिशव्या. पोरगी वाचली. बाळ गेलं. मुलगा होता, पूर्ण दिवसांचा, नाकीडोळी आजीसारखा. गर्भाशयही काढावं लागलं.

तिसऱ्या दिवशी मी तिच्यापाशी गेले. काय बोलणार होते, देव जाणे. म्हटलं, “अगं, एवढं होत होतं तर एक हाक मारायची नाहीस का?”

ती छताकडे बघत म्हणाली, “पहिलीच वेळ ना सिस्टर. मला वाटलं, सगळ्यांना एवढंच दुखत असेल.”

मावशी पायथ्याशी बसली होती. तिने ते ऐकलं. लेकीची पावलं दोन्ही हातांत धरून नुसती बसून राहिली.

महिन्याने मावशी कामावर आली. बोळ्यांचा डबा घेऊन मागच्या बाजूच्या भट्टीपाशी गेली आणि सगळे बोळे आत टाकले. आणि त्या दिवसापासून वस्तीतली बाई आली की तिच्या उशाशी जाऊन म्हणायची, “ओरड. दुखतंय ना? मग ओरड. जोरात.” पण बायका कसल्या ओरडतात! पंचवीस वर्षांची शिस्त, आता तर प्रत्येक आई लेकीला घरूनच शिकवून पाठवत होती. त्या ओठ आवळून पडून राहायच्या. मग मावशी स्वतः ओरडायची. खाटेच्या पायथ्याशी उभी राहून, दोन्ही मुठी आवळून, “दुखतंय हिला! इकडे बघा! हिला दुखतंय!” तो आवाज मला अजून ऐकू येतो. बंगल्यांतल्या बायकांच्या सासवांनी तक्रारी केल्या. नर्सेस म्हणाल्या, बाई भ्रमिष्ट झाली. आणि कुणीतरी म्हणालंच, “पंचवीस वर्षं आव आणला, शेवटी तिकडचीच ती.” माझ्यासमोर म्हणालं. मी मूग गिळून बसले.

वरून माझ्याकडे अहवाल मागितला. मी लिहिला. मीच लिहिला, दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर कशाला टाकू? ‘आया विभागात गोंगाट करते. इतर पेशंटना त्रास होतो.’ खाली सही. मावशीची बदली धुलाई विभागात झाली. जाताना ती मला भेटायला आली. म्हणाली, “तुम्ही लिहिलंत ना? लेकीने वाचून दाखवलं.” मी मान हलवली. “अक्षर छान आहे तुमचं,” म्हणाली आणि गेली. टोमणा होता की खरंच म्हणाली, मला कळलं नाही. पुढची पाच वर्षं ती तळघरात चादरी धूत राहिली, आणि मी त्याच चादरी वर खाटांवर घालून घेत राहिले. जिने दोनच, पण मी कधी खाली उतरले नाही.

मी निवृत्त झाले. निरोपाला हार, भाषणं, सगळं झालं. ‘मायेचा हात’ असं काहीतरी माझ्याबद्दल म्हणाले. वर्षभराने बाजारात मावशीची लेक भेटली. बालवाडीतच आहे, केस पांढरे व्हायला लागलेत. तिनेच सांगितलं, आईला आजार हाडांत उतरलाय, आपल्याच दवाखान्यात आहे, अकरा दिवस झाले. “या ना एकदा,” म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला गेले. लांबलचक वॉर्ड, शेवटची खाट, भिंतीकडे तोंड. मावशी एवढीशी झालेली. मी आधी पायथ्याचा तक्ता उचलला, सवयच ती. अकरा दिवसांची अकरा पानं. प्रत्येक पानावर एकच ओळ. ‘पेशंट शांत आहे. तक्रार नाही.’ अशी ओळ लिहायला इथल्या नर्स पोरींना कुणी शिकवलं असेल, सांगा बघू? वेदनेच्या औषधाचा रकाना अकरा दिवस कोरा.

मी पलीकडच्या बाजूला गेले. मावशीच्या तोंडात चादरीचं टोक होतं. गालफडं ताठ, कपाळावर घामाचे थेंब.

“मावशी,” मी म्हटलं, “दुखतंय?”

तिने डोळे उघडले. ओळखलं मला. टोक दातांतून काढलं. “फार दुखतं, सिस्टर.”

“मग सांगायचं नाही का हो? ओरडायचं नाही? सगळ्यांना सांगत सुटला होतात ना!”

“दुसऱ्यासाठी यायचा हो आवाज,” ती म्हणाली. “स्वतःसाठी फुटतच नाही. पहिल्या दिवशी एकदा सांगितलं होतं त्या पोरीला. ती म्हणाली, बघते पाच मिनिटांत.”

मग कळ आली असावी. तिने टोक पुन्हा तोंडात धरलं आणि भिंतीकडे वळली.

मला काय झालं मला माहीत नाही. एकसष्ट वर्षांची बाई मी, खाटेच्या पायथ्याशी उभी राहिले, दोन्ही मुठी आवळल्या आणि ओरडले. “दुखतंय हिला! कुणी आहे का नाही इथे? दुखतंय!” आयुष्यात एवढ्या मोठ्याने मी कधी ओरडले नव्हते. घसा फाटला.

आणि धावले ना सगळे. दोन नर्सेस, एक डॉक्टर, मागून एक आया. धावत आले आणि माझ्याभोवती जमले. एकीने खुर्ची आणली, मला धरून बसवलं. दुसरीने पाण्याचा ग्लास ओठांना लावला. डॉक्टर माझी नाडी बघत म्हणाला, “घाबरू नका, बाई. कुठे दुखतंय तुम्हाला? छातीत दुखतंय का?” आया पाठ चोळायला लागली. मावशीच्या खाटेकडे चौघांचीही पाठ होती.

मी त्याचा हात झटकला. “मला नाही हो! हिला! हिला!”

मग त्यांनी वळून बघितलं. ती शांत पडली होती. डॉक्टर तक्ता चाळत म्हणाला, “पण यांची तर काही तक्रार नाही.”

मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तोंडाची फटकळ म्हणून माझी ख्याती होती, त्या दिवशी ती एकदा तरी योग्य जागी खर्च झाली. इंजेक्शन आलं. मी समोर उभं राहून ते तिला टोचायला लावलं. मावशीचा हात माझ्या हातात होता. पंधरा मिनिटं गेली असतील, तिच्या जबड्याची पकड सुटली. चादरीचं टोक उशीवर पडलं. दातांच्या खुणांनी त्याची पार चाळण झाली होती.

तिने माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत ती जुनी चहासाखरेची चमक. म्हणाली, “सिस्टर, तुम्हीसुद्धा बोंबलता की.”

“हो मावशी,” मी म्हटलं. “बोंबलते.”

“बरं झालं. तुम्ही ओरडलात की येतात लोक.”

एवढं बोलून ती झोपली. तिच्या पुढे आणखी नऊ दिवस होते. मी रोज जायचे. रोज वेळेवर इंजेक्शन मिळालं, कारण मी खुर्ची टाकून बसायचे आणि घड्याळाचा काटा तिथे आला की आवाज चढवायचे. त्यासाठी मला कुणी मेमो दिला नाही.